सुटली

पप्पा गेले तेव्हा मी रडले नाही, आणि ही गोष्ट गावभर झाली. तासगावच्या अलीकडे आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आमच्या घरात काय शिजतं इथपासून कोण रडतं इथपर्यंत सगळ्यावर लोकांचं लक्ष. मातीला आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि तोंडाकडे निरखून बघायच्या. "रड गं पोरी, मोकळी हो," म्हणायच्या. मला कळत होतं की रडायला हवं. शाळा संपवून घरी बसलेली मुलगी होते मी, अगदीच लहान नव्हते. पण आत काही हलतच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला वाटेनासा होतो, तसं मला सगळं अंग वाटत होतं. मी मोरीत बसून कपबशा विसळत होते आणि कुठल्या कपाचा कान फुटलाय, कुठल्या कपाला बशी नाही, एवढंच डोक्यात होतं.

पप्पांचं दुखणं लांबलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाय सुजायचे, मग तोंड, मग काहीच ओळखू येईना. त्यामुळे ते गेले तेव्हा जो तो एकच शब्द बोलला. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चचे लोक आधी "प्रभूत निजले" म्हणाले आणि मग आवाज खाली घेऊन "सुटले" म्हणाले. गावातले लोक नुसतंच "सुटले बिचारे" म्हणाले. सांगलीहून आलेल्या पाळकसाहेबांनी खड्ड्याशी उभं राहून प्रार्थना केली, "हे प्रभो, तू आपल्या सेवकाची सुटका केलीस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." मी डोळे मिटायचं विसरून त्यांच्या बुटांना लागलेल्या काळ्या मातीकडे बघत होते. कित्येक महिने रोज संध्याकाळी आई आणि मी गुडघे टेकून पप्पांच्या सुटकेसाठीच प्रार्थना करत होतो. ती सुटका म्हणजे ही, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पप्पा प्रचारक होते. म्हणजे हाताखाली पाचपन्नास खेडी, बुडाखाली एक सायकल. कवठे महांकाळच्या माळापर्यंत ते सायकल मारत जायचे आणि धुळीने पांढरे होऊन परत यायचे. त्यांच्या वहाणा नव्या असल्यापासून करकरत. तेल पाजलं, पाण्यात भिजवल्या, काही उपयोग झाला नाही. आई म्हणायची, "तुमच्या वहाणाच आधी उपदेश करायला लागतात." आई मूळची साताऱ्याची, बोलण्यात चटपटीत, गावातल्या छोट्या दवाखान्यात नर्स. सगळा गाव तिला शिष्टरबाई म्हणायचा. आणि पप्पांचं एक वाक्य होतं, उठता बसता तोंडात: "प्रभू बघून घेईल." कुणाचा नवरा दारू पिऊन पडलाय, कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाला दाखला मिळत नाही, समोरच्याचं सगळं ऐकून झालं की पप्पा म्हणायचे, "प्रभू बघून घेईल." पण हे म्हणताना त्यांचा एक पाय वहाणेत गेलेला असायचा. वाक्य संपेपर्यंत दुसरा जायचा. मग विजारीला चाप लावून ते निघायचेच, तापाच्या पोराकडे नाहीतर कचेरीकडे. लहानपणी मला वाटायचं, हे वाक्य वहाणा घालतानाच म्हणायचं असतं.

ते गेल्यावर आमच्याकडे भेटायला येणारे सगळे हेच वाक्य घेऊन आले. चहा घ्यायचे, दोन मिनिटं मान खाली घालून बसायचे, उठताना "सिस्टर, धीर धरा, प्रभू बघून घेईल," म्हणायचे आणि एस.टी. गाठायला निघून जायचे. माझा कुणावर राग नाही. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? पण हळूहळू आईच्या तोंडात तेवढंच वाक्य उरलं. बोलघेवडी बाई, दवाखान्यातून रजा घेऊन दाराजवळच्या पाटावर बसून राहायची. पीठ संपलं म्हटलं, प्रभू बघून घेईल. पप्पांची सायकल गंजतेय, प्रभू बघून घेईल. पप्पांच्या वहाणा उंबऱ्याच्या आत जिथे होत्या तिथेच होत्या. मी त्या उचलून झाडायची आणि परत तिथेच ठेवायची. घरात भाकरी थापल्याचा आवाज व्हायचा, भिंतीपलीकडच्या अक्काच्या गाळणीतून पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि बाकी काही नाही.

अक्का म्हणजे आमची शेजारीण, सुमतीअक्का. जैन घर, द्राक्षाची बाग, मागे बेदाण्याची शेड. अक्काच्या घरी पाणी फडक्यातून गाळून उकळल्याशिवाय कुणी पीत नसे आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकत. आमच्याकडे अंधार पडल्यावर ताटं मांडली जायची, तेव्हा अक्काच्या घरी भांडी घासून पालथी पडलेली असायची. आई सुकट भाजायची तेव्हा आधी अंगणात जाऊन वारा कुठला आहे ते बघायची. वारा अक्काच्या घराकडे असेल तर त्या दिवशी पिठलं. पप्पा चेष्टा करायचे, "आपल्या घरचा स्वयंपाक हवामान खातं ठरवतं." तरी संबंध चांगले होते. बेदाण्याचा पहिला वानोळा आमच्याकडे यायचा. अक्काचा मुलगा भरमू मला करुणाताई म्हणायचा, माझ्यापेक्षा मोठा असून. त्याची बायको पद्मा त्या वर्षी गरोदर होती आणि तिचे हात धरून आईनेच पहिल्यांदा तिला दवाखान्यात तपासलं होतं.

बिनसलं ते शेडवरून. बेदाण्याचा हंगाम आला तसे भरमूने शेडचे पत्रे पुढे ओढले, आणि शेड धुतली की सगळं पाणी आमच्या भिंतीवर यायला लागलं. ज्या खोलीत पप्पा झोपायचे तिथे ओल चढली. मी अंगणात उभी राहून अक्काला सांगत होते. जरा तावातच सांगत होते. अक्का म्हणत होती, "हंगाम हाय गं बाई, म्हैनाभर कळ काडा की." तेवढ्यात पाटावरून न उठता, कुणाकडेही न बघता आई म्हणाली, "राहू दे करुणा. प्रभू बघून घेईल."

आता मराठीत कुणी "बघून घेईन" म्हटलं की समोरचा बाह्या सरसावतो. आमच्या घरात हे वाक्य इतकं झिजलं होतं की त्याला धार असू शकते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पप्पा ते हसून, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, म्हणून ते आशीर्वादासारखं लागायचं. आईने ते म्हटलं तेव्हा तिच्या आवाजात काहीच नव्हतं. अक्काचा चेहरा पांढरा पडला.

"माजं काय बगून घेतोय तुमचा परभू?" ती म्हणाली. "घरात गरवार सून हाय माज्या, शिष्टरबाई. तोंड संबाळून बोला."

आईने मान वर केली नाही. तिला बहुतेक ऐकूच गेलं नाही. आणि मी, मला ऐकू गेलं, पण काही वाटलं नाही. त्या दिवसांत माझ्यापर्यंत सगळं उशिरा पोहोचायचं.

पुढे काय व्हायचं ते झालं. वळीव आला, गारांसकट. भरमूच्या शेडचे पुढे ओढलेले पत्रे उडाले आणि वाळत आलेला बहुतेक बेदाणा भिजून काळा पडला. गावात आणखी बऱ्याच जणांचा भिजला. गारा काही अक्काचं घर विचारत आल्या नव्हत्या. पण अक्काने त्या दिवसापासून आमच्याकडे बघणं सोडलं. मधल्या भिंतीवर तिने चटई उभी केली. पद्मा अंगणात आली की अक्का तिला दंडाला धरून आत न्यायची, जणू आईची नजर म्हणजे वारा आहे.

आज मी साताऱ्यात राहते. नर्सिंगमधून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आमच्या मंडळीचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. कुणी आजारी असल्याचं आलं की खाली रांगेने जोडलेले हात येतात आणि "प्रभू बघून घेईल" येतं. मी लिहिते, "डबा कोण देतंय? रात्री दवाखान्यात कोण थांबतंय?" मग ग्रुप शांत होतो. मुलगी म्हणते, आई, तू लोकांना ओशाळं करतेस. मी करत नाही. मला खरंच माहिती हवी असते. आणि तोंडातून निघालेलं चांगलं वाक्यसुद्धा पलीकडे कसं पोहोचतं हे मी एकदा पाहिलेलं आहे, म्हणून मी ते वाक्य सहसा लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात पद्माचे दिवस भरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. भरमू ट्रॅक्टर घेऊन इस्लामपूरकडे गेला होता, वाचलेला माल तिकडे कुणी घेतं का बघायला. एस.टी. संध्याकाळची. सकाळी मी पाणी भरत होते तेव्हापासून चटईपलीकडून पद्माचा आवाज यायला लागला होता. अक्काने वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं होतं. आमच्या दारावरून ती लगबगीने गेली आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. पद्माच्या कळा वाढत होत्या. दुपार झाली, जेवणवेळ टळली, आणि तिच्या आवाजातला जोर जायला लागला. ओरडण्याचं कण्हणं झालं. आई पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिची बोटं चालत होती, पण खडे तसेच राहत होते.

"आई, पद्माचं काही खरं दिसत नाही," मी म्हटलं.

"ते आपल्याला बोलवणार नाहीत."

"पण ती दमलीय. ऐक ना आवाज."

आई म्हणाली, "प्रभू बघून घेईल."

तेव्हा मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. मला रागही आला नव्हता, कशाचाच काही पत्ता नव्हता त्या दिवसांत. मी पप्पांच्या वहाणांकडे बघत होते म्हणून ते सुचलं. मी म्हटलं, "पप्पा हे बसून नाही म्हणायचे."

आईची बोटं थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी तिला दिसतेय. तिने सूप खाली ठेवलं. ट्रंकेवरची दवाखान्याची पिशवी काढून माझ्या हातात दिली. तिच्या चपला मागच्या दाराला होत्या. तेवढंही ती थांबली नाही. उंबऱ्यातल्या पप्पांच्या वहाणांत तिने पाय घातले आणि अंगणात उतरली. वहाणा करकरल्या. तो आवाज कानावर पडला आणि मी पिशवी काखेला मारली. मी तिच्या मागून निघाले.

अक्का दारातच उभी होती. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. तिने आईला बघितलं आणि दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावले. आतून पद्मा कण्हली. अक्का मागे वळली, परत आमच्याकडे वळली.

"या," ती म्हणाली. "आत या. पन तोंडातनं शबूद काडायचा न्हाई. चांगला न्हाई, वाईट न्हाई. परभूचं नाव बी न्हाई. शपत हाय तुमास्नी तुमच्या मालकाची."

आईने मान हलवली आणि वहाणा बाहेर काढून आत गेली. जिने सगळा जन्म बोलून बोलून बायकांना धीर दिला, तिने ती दुपार मुक्याने काढली. हात धुताना मला बोटाने दाखवायची: पाणी. मग मूठ उघडून मिटून: उकळलेलं. अक्काच्या घरात गाळून उकळलेलं पाणी कायम असायचं, तेवढी एक गोष्ट आमच्या बाजूने होती. आईने पद्माचं पोट चाचपलं, आणि सुईणीचा हात हळूच धरून पोटाच्या खालच्या भागावर ठेवला. म्हातारीने आईकडे बघितलं आणि मान डोलावली. सकाळपासून पोरीला लघवीच झाली नव्हती, मूल पुढे सरकायला जागा नव्हती. आईने पिशवीतली रबरी नळी उकळायला माझ्याकडे दिली. ती नळी परत नेऊन दिल्यावर तिने मला दाराबाहेर जायची खूण केली, तरी फटीतून मला दिसत होतं. पद्माचा चेहरा दोन्ही हातांत धरून आई तिच्यासमोर श्वास घेत होती आणि सोडत होती, म्हणजे पद्माने तसा घ्यावा. आईचे ओठ हलत नव्हते. ती मनात प्रार्थना करत होती का, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

मी चुलीपुढे बसले. अक्का माझ्याशेजारी येऊन बसली, उठली, परत बसली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. मी त्या बुडबुड्यांकडे बघत होते. पद्मा मेली तर तो दोष आमच्या एका वाक्यावर जन्मभर राहणार, हे मला तेव्हा अगदी स्पष्ट कळत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. आणि मग आतून सुईणीचा आवाज आला:

"सुटली!"

मी उभी राहिले. माझ्या कानांनी तो शब्द शेवटचा ऐकला होता तो पप्पांसाठी. सुटले. सुटले बिचारे. तोच शब्द, आणि त्याच्यामागून तीच शांतता. मूल रडलं नाही. पद्माचा आवाज नाही. अक्का दाराकडे धावली आणि मी जागेवरच उभी राहिले, हातात पाण्याचा तांब्या, आणि मला खरंच कळेना की या घरात कोण आलंय की कोण गेलंय. उघड्या दारातून आईच्या मांडीवर काहीतरी निळसर दिसत होतं. आई त्याच्या तोंडात करंगळी घालून घाण काढत होती, पालथं घालून पाठ चोळत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती. पद्मा डोळे उघडे ठेवून ते बघत होती. म्हणजे पद्मा होती.

अक्काने आपल्या हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मग तिला ते असह्य झालं.

"आवं बोला की!" ती ओरडली. "शिष्टरबाई, बोला की कायतरी! तुमच्या परभूला तरी बोला!"

आई बोलली नाही. तिचे हात रिकामे नव्हते. तिने बाळाच्या पाठीवरून परत एकदा खालून वर हात चोळला, आणि बाळ रडलं. आधी मांजराच्या पिल्लाएवढं, मग चांगलं भरभक्कम. आईने त्याला पद्माच्या अंगावर ठेवलं, कपाळावरचा घाम दंडाने पुसला आणि अक्काकडे बघितलं. अक्काला खूण कळली.

"बोला," अक्का म्हणाली.

"मुलगी आहे," आई म्हणाली. "आणि करुणाला चहा टाकू दे. सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नाही."

चहा पिताना अक्काने विषय काढलाच. "त्या दिशी तुमी असं का म्हनलासा, बगून घील म्हनून?"

आईने बशी खाली ठेवली. "अक्का, आमच्यात तो आशीर्वाद असतो," ती म्हणाली.

"आशीर्वाद?" अक्का म्हणाली. "आनि असला? मग जरा आशीर्वाद दिल्यागत द्या की, बाई."

आई हसली. पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा. मला त्या हसण्यानेही काही झालं नाही, हे मी लिहून ठेवते, कारण अशा वेळी माणूस लगेच बरा होतो असं लोकांना वाटतं. भिंतीवरची चटई निघाली, शेडला भरमूने पन्हळ लावला, आई दवाखान्यात जायला लागली. मी मात्र तशीच होते. जेवत होते, झोपत होते, आणि पप्पांची खोली झाडताना माझं मन केरसुणीपलीकडे जात नव्हतं.

सांगलीला नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा पावसाळा सरत आला होता. निघायच्या सकाळी आईला अडलेल्या बाईचं बोलावणं आलं आणि ती पप्पांच्या वहाणा घालूनच गेली. तेव्हा ती त्याच घालायची, मोठ्या होत होत्या तरी. जाताना एवढंच म्हणाली, "मी काही म्हणत नाही, करुणा. जाऊन ये." म्हणून मला स्टँडवर पोचवायला अक्का निघाली. पद्माची पोरगी तिच्या कडेवर होती. अक्काने माझ्या पिशवीत बेदाण्याचा पुडा कोंबला, वर आणखी एक कोंबला. मग दाराच्या पायरीवर बसून, पोरीला एका मांडीवर सावरत, ती आपली वहाण शोधायला लागली. एक सापडली. तिने त्यात पाय घातला आणि माझ्याकडे वर बघत म्हणाली, "घाबरायचं न्हाई. परभू बगून घील." आणि दुसरा पाय घातला.

आम्ही स्टँडवर पोचलो. गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले, अक्काने पोरीचा हात धरून हलवून दाखवला. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, आणि अक्का शेजारच्या बाईला म्हणाली, "सुटली बगा." गाडी तासगावच्या बाहेर पडेपर्यंत मी पप्पांसाठी मोठमोठ्याने रडत होते, आणि गाडीतल्या कुणी मला गप्प बस म्हटलं नाही.